पडद्यामागचे दान
संगणकावरील ज्या रोल-प्लेइंग खेळांत खेळणारा एखादे पात्र स्वीकारतो आणि त्या पात्राच्या गुणावगुणांसह कथा पुढे नेतो, त्यांपैकी ‘बाल्डर्स गेट’सारख्या खेळांत तलवारीचा वार बसणार की हुकणार हे बोटांच्या चपळाईवर ठरत नाही, ते पडद्यामागे पडणाऱ्या दानावर ठरते. हे दान ज्या नियमांनी मोजले जाते ते मुळात संगणकासाठी लिहिलेलेच नव्हते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी खेळरचनाकारांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा असे, आणि त्यात ‘डंजन मास्टर’ हा सूत्रधार कथा सांगत असे व निवाडाही करत असे. संगणकाने या सूत्रधाराची जागा घेतली खरी, पण आपल्या निवाड्यामागचे कारण समजावून सांगण्याचा त्याचा स्वभाव मात्र घेतला नाही, आणि म्हणूनच मूळ नियम वाचलेल्या खेळाडूला जे दिसते ते इतरांना केवळ नशीब वाटते.

१९९८ च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये ही अडचण विशेष जाणवते, कारण तो खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला असून त्या आवृत्तीत ‘आर्मर क्लास’, म्हणजे बचावाचा अंक, जितका कमी तितका बचाव भक्कम मानला जाई. ‘थॅको’ हा त्याचा जोडीदार: बचाव शून्य असलेल्या शत्रूवर वार बसण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर किमान किती दान पडावे लागेल, ते सांगणारा अंक. थॅको १६ असलेल्या योद्ध्यासमोर बचाव ४ असलेला शत्रू आला, तर १२ किंवा त्याहून मोठे दान लागते व वार बसण्याची शक्यता ४५ टक्के असते. बचाव उणे २ असेल, तर १८ लागतात आणि शक्यता १५ टक्क्यांवर येते. एवढी वजाबाकी ठाऊक असलेला खेळाडू दुसऱ्या शत्रूवर तलवार चालवत बसत नाही, तर त्याला मंत्राने जेरबंद करण्याचा मार्ग शोधतो. ही उलटी मोजणी २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने बाद केली, आणि तिच्यासाठी हळहळण्याचे काही कारण नाही.

२०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ पाचव्या आवृत्तीवर उभा आहे. तिच्यातील ‘ॲडव्हांटेज’चा नियम साधा आहे: अनुकूल स्थितीत दोन फासे टाकावेत आणि मोठे दान धरावे. त्याचा लाभ मात्र सर्वत्र सारखा नसतो. किमान ११ हवे असतील तर यशाची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते, पण २० च हवे असतील तर ती ५ वरून जेमतेम पावणेदहा टक्क्यांवर पोहोचते. म्हणजेच अनुकूल स्थिती मिळवण्याचा खटाटोप अटीतटीच्या लढतीत सर्वाधिक फळतो. पात्र घडवतानाही असेच घडते. शक्ती १४ असो वा १५, दानात मिळवला जाणारा अधिकांक दोन्हींचा २ च असतो आणि तो १६ वर ३ होतो, त्यामुळे विषम आकडा गाठण्यासाठी खर्चलेले गुण पुढे त्यात भर पडणार असेल तरच सत्कारणी लागतात.

‘कॉन्सन्ट्रेशन’, म्हणजे मंत्र टिकवण्यासाठी लागणारी एकाग्रता, हा नियम नवख्यांना सर्वांत महागात पडतो. असे दोन मंत्र एका पात्राला एकाच वेळी टिकवता येत नाहीत. दुसरा म्हणताच पहिला विरतो. शिवाय इजा झाली की एकाग्रता टिकवण्यासाठी किमान १० चे किंवा इजेच्या निम्म्याइतके, यांपैकी जे मोठे असेल ते लक्ष्य अधिकांक धरून गाठावे लागते. मंत्र टिकवून धरणाऱ्या पात्राला आघाडीवर ठेवणे का अंगाशी येते, ते यावरून कळते.

तथापि पुस्तक पाठ करून भागत नाही, कारण संगणकीय आवृत्ती मूळ नियमांना जागोजागी मुरड घालते. टेबलावरच्या नियमांत कौशल्याच्या चाचणीत १ चे दान पडले तरी अधिकांकाच्या बळावर यश मिळू शकते. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये १ पडला की अपयश ठरलेलेच. उलट जखम भरून काढणारे औषध पिण्यास टेबलावर २०१४ च्या नियमांनुसार त्या पाळीची मुख्य कृती खर्ची पडे, ते येथे दुय्यम कृतीवर भागते, आणि मुख्य कृती वारासाठी मोकळी राहते.