भय आणि अवधान

आमच्या भंडारा जिल्ह्यांत कोका अभयारण्याच्या कांठीं राहणारे लोक उन्हाळ्याच्या आरंभीं पहाटे मोहाचीं फुलें वेंचावयास जातात. हात फुलांवर असतात, पण कान रानाकडे. पाचोळा वाजला कीं मान आपोआप तिकडे वळते. वाघ-अस्वलांच्या रानांत हें भय प्राणरक्षकच होय.

परंतु हेंच भय परीक्षेच्या दालनांत शिरलें म्हणजे काय होतें? माझ्या वर्गांतील एक हुषार मुलगी चांचणीच्या दिवशीं पहिलाच प्रश्न आला नाहीं म्हणून तासभर त्याच्यावरच खिळून राहिली. येत असलेले प्रश्न कोरे राहिले. तिचें ज्ञान कमी पडलें नव्हतें. अवधान बंदिवान झालें होतें.

भयग्रस्ताचें अवधान कोठें ओढलें जातें हें मोजण्याची एक युक्ति मॅक्लाउड, मॅथ्यूज व टाटा ह्या संशोधकांनीं 1986 सालीं प्रसिद्ध केली. संगणकाच्या पडद्यावर दोन शब्द क्षणभर दाखवावयाचे. एक भीतिदायक, दुसरा साधा. ते लुप्त झाले कीं त्यांपैकीं एकाच्या जागीं ठिपका उमटतो. तो दिसतांच कळ दाबावयाची. चिंताग्रस्त माणसें भीतिदायक शब्दाच्या जागचा ठिपका अधिक त्वरेनें टिपतात, असें आढळलें. पुढें शब्दांऐवजीं रागीट व शांत चेहऱ्यांचीं चित्रेंही योजण्यांत आलीं.

मापनाचें हेंच साधन शिक्षणाचेंही झालें. ठिपका नेहमीं साध्या शब्दाच्याच जागीं उमटूं दिला व हा अभ्यास शेंकडों वेळां करविला, तर अवधानास निराळें वळण लागतें. असें वळण लागलेल्यांना पुढील अवघड कसोटीच्या वेळीं कमी अस्वस्थता वाटली, असें 2002 सालच्या प्रयोगांत दिसून आलें.

मग मेंदूंत काय घडतें? डोक्यावर धातूच्या बारीक चकत्या लावून मेंदूच्या विद्युल्लहरी टिपतां येतात. मनुष्याच्या अशा लहरींचा पहिला वृत्तांत हान्स बर्गर ह्यांनीं 1929 सालीं प्रसिद्ध केला. आपल्या हातून चूक घडतांच, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आंत, एक विशिष्ट लहर उठते. चिंताळू माणसांत ती बहुधा मोठी असते. 2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, अवधानाचा हा अभ्यास एकदांच केलेल्यांची लहर, केवळ देखाव्याचा अभ्यास केलेल्यांपेक्षां लहान आढळली.

तथापि घाईनें अनुमान काढूं नये. लहर लहान झाली म्हणजे चिंता गेली असें नव्हे. नंतरच्या प्रयोगांत कधीं गुण आला, कधीं आला नाहीं. आणि ठिपक्याचें मापही एकाच माणसांत दिवसागणिक बदलतें. म्हणून असल्या खेळांस हमखास औषध मानून पालकांनीं पैसा खर्चूं नये.

परंतु अवधानास वळण लावतां येतें, एवढी आशा ह्यांतून निश्चित मिळते. विद्यार्थिमित्रहो, प्रश्नपत्रिका प्रथम संपूर्ण वाचा आणि येणाऱ्या प्रश्नापासून आरंभ करा. हा प्रयोगशाळेचा सिद्धान्त नव्हे, शिक्षकाचा अनुभव आहे. झोंप व अन्न तुटेल इतकी चिंता असेल, तर ती लपवूं नका. घरीं सांगा, डॉक्टरांस भेटा. 2022 पासून सरकारची टेली-मानस सेवा 14416 ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते.

आणि पालकहो, गुणपत्रिका हातीं देतांना मूल प्रथम आपल्याच मुखाकडे पाहतें. तेथें त्यास रागीट चेहरा दिसावा कीं शांत, हें ठरविणें तरी आपल्या हातीं आहे.