दाढ काढली म्हणून डोळे जात नाहीत

‘दाढ काढली तर डोळ्यांवर परिणाम होईल का हो, डॉक्टर?’ साक्री-शिरपूरपासून चोपडा-यावलपर्यंत कुठूनही आलेला रुग्ण मला हा प्रश्न हमखास विचारतो. या भीतीपोटी कितीतरी मंडळी पू येणारी दाढ वर्षानुवर्षे तशीच ठेवतात.

दातांच्या संवेदना मेंदूकडे नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. मग हा समज आला कुठून? दात हलू लागतात बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर. जवळचा चष्मा आणि मोतीबिंदूही साधारण याच काळात सुरू होतात. दोष मात्र दाढ काढण्याला मिळतो!

हिरड्यांचा आणि डोळ्यांचा संबंध खरोखर आहे, पण तो मधुमेहामार्फत. रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्याच्या पडद्यात त्या पाझरतात, फुटतात आणि नजर जाऊ शकते. सुरुवातीला दुखत नाही, अंधुकही दिसत नाही. याच साखरेमुळे हिरड्या सुजतात, दातांभोवतीचे हाड झिजते. हॅराल्ड लो या दंततज्ज्ञांनी 1993 मध्ये हिरड्यांच्या विकाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले.

हे चक्र उलटेही फिरते. हिरड्यांतला जंतुसंसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले, तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 अंकांनी उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. त्याने डोळे बरे होतात असे नव्हे. पण साखर आटोक्यात राहणे डोळ्यांच्या हिताचेच.

म्हणून ब्रश करताना रक्त येत असेल, दात हलत असतील, तर दंतवैद्याकडे जा आणि साखरही तपासून घ्या. आपल्याकडे अशा वेळी मिश्री लावतात. पण तीही तंबाखूच. तिने हिरड्या खाली सरकतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेह असल्यास वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

एक अपवाद सांगतो. वरच्या दाढेतला पू क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचतो. डोळ्याभोवती सूज आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तेव्हाही धोका दाढ काढण्याचा नसतो, सडलेली दाढ ठेवण्याचा असतो.