अश्लील कोणी ठरवायचं? कर्व्यांचा खटला आणि आपण

वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात तरुणांसोबत आरोग्यावर बोलायला बसतो, तेव्हा आम्ही मध्ये एक डबा ठेवतो. जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव टाकायचं नाही. पाळीत इतकं का दुखतं, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, मुलाला मुलगा आवडला तर तो आजार का, असे प्रश्न निघतात. मागच्या वेळी एका चिठ्ठीत आम्हालाच प्रश्न होता : "असं उघड बोलता, तुमच्यावर अश्लीलतेची केस होणार नाही का?"

असेच प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी र. धों. कर्व्यांना पत्रांतून येत. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत आणि वाचकांच्या शंकांना शास्त्राच्या आधारे उत्तरं देत. त्या उत्तरांसाठी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील झालं असं नाही आणि वाचकाने विचारलं तर त्याला उत्तर मिळालंच पाहिजे, ही बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे इतिहासात नोंदलं गेलं.

आज कायदा काय म्हणतो? संविधानाचं कलम १९(१)(क) अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. कलम १९(२) 'सभ्यता किंवा नीतिमत्ता' यांसाठी त्यावर वाजवी बंधनं घालू देतं. जुन्या दंड संहितेचं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झालं आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. मोबाईलवरच्या मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागतं, तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. मात्र विज्ञान, साहित्य, कला, शिक्षण यांसाठी लोकहितात केलेल्या प्रकाशनाला सूट आहे. म्हणून चिठ्ठीवाल्या मित्रा, शास्त्रीय माहिती देणं हा गुन्हा नाही.

अडचण पुढे आहे. अश्लील कशाला म्हणायचं? पूर्वी एखादं वाक्य सुटं काढून, कच्च्या मनाचा माणूस त्याने बिघडेल का, असं पाहिलं जाई. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी सोडली. आता संपूर्ण मजकूर आजच्या समाजाच्या मापाने पाहायचा. ही सुधारणाच आहे. पण समाज म्हणजे कोण? नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा'त कामाठीपुऱ्याची भाषा आणली, तेव्हा नाकं मुरडणारेही स्वतःला समाजच म्हणवत होते. ज्यांचं जगणंच गावाने अभद्र ठरवलं, त्यांनी हे माप डोळे झाकून मान्य करू नये. बाबासाहेबांनी संविधान सभेत संवैधानिक नीतिमत्ता जोपासायला सांगितलं. २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून वगळताना न्यायालयाने तिचाच आधार घेतला.

आता आपल्याकडेही बघू. २०१५ मध्ये वसंत गुर्जर यांच्या गांधींवरील कवितेच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर कसोटी अधिक कडक राहील. बाबासाहेबांच्या बाबतीत असं संरक्षण आपल्याला हवंसं वाटतं. जातीय शिवीगाळ आणि विटंबना यांविरुद्ध लढायला अॅट्रॉसिटी कायदा आहे, तो वापरावाच. पण न पटलेल्या कवितेवर किंवा नाटकावर अश्लीलतेचं कलम लावा म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याआधी थांबावं. तेच कलम उद्या आपल्या शाहिरावर, आपल्या लेखिकेवर लागेल.

तथागतांनी सम्यक वाचा सांगितली. ती स्वतःच्या जिभेला लावायची शिस्त आहे, दुसऱ्याच्या तोंडाला लावायचं कुलूप नव्हे. पाचूबंदरचा आमचा डबा उघडाच राहील. तुमच्या विहारातही एक ठेवा.

जयभीम!