माहेरची दुखणी

दसरा उलटला की केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. अशा बाईच्या हाताला छातीत गाठ लागली, तरी ती दुखत नाही ना, एवढे पाहून ती मोळ्या बांधायला लागते. दुखणे अंगावर काढायची आपली सवय जुनी. आणि स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

पण याच बीड जिल्ह्यात कर्करोगाच्या नावाने वेगळेच घडले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय मागल्या दहा वर्षांत काढल्याचे आढळले. ‘पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल’, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे अनेकींनी सांगितले. ज्या बाईने हे पाहिले, तिने पुन्हा कुणी ‘तुम्हाला धोका आहे’ म्हटले तर विश्वास का ठेवावा?

म्हणूनच जनुकीय समुपदेशन म्हणजे नेमके काय, हे तिला नीट समजले पाहिजे. त्यात सुरी नसते, इंजेक्शनही नसते. आधी फक्त बोलणे असते.

स्तनाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींत हा रोग वंशपरंपरेने आलेल्या दोषामुळे होतो. १९९४ आणि १९९५ साली सापडलेली ‘बीआरसीए-१’ आणि ‘बीआरसीए-२’ ही त्यातली मुख्य जनुके. दोष आईत असो वा वडिलांत, प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी. परदेशी कुटुंबांच्या अभ्यासात असा दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असे दिसले.

समुपदेशक प्रथम तीन पिढ्यांची वंशावळ मांडतो. पन्नाशीच्या आत कुणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का? दोन्ही स्तनांत? कुणाला बीजकोशाचा? घरातल्या एखाद्या पुरुषाला स्तनाचा? इथे आपली नात्यांची भाषा कामी येते. मावशी रक्ताची, तशी आत्याही रक्ताची. बायका आत्याला मात्र विसरतात. काकू आणि मामी एरवी हिशेबात नाहीत. पण मामाच्या घरी मुलगी देण्याची रीत असलेल्या घरांत मामीही रक्ताची निघू शकते. ‘छातीत फोड झाला होता’, ‘पोटात गोळा होता’ एवढ्यावर मिटवलेली मरणेही विचारून काढावी लागतात.

धोका दिसला तरच रक्ताची तपासणी. तीही शक्यतो ज्या बाईला रोग झाला आहे, तिची आधी. तिच्यात दोष सापडला, तर बहिणी आणि लेकी आपापली तपासणी करायची की नाही हे ठरवतात. दोष निघाला म्हणजे रोग झाला असे नव्हे. तपासण्या लवकर सुरू करायच्या आणि नेमाने करायच्या, एवढाच पहिला अर्थ. बीजकोश काढण्याचा विषय कधी कधी निघतो; पण तो चाचणीचा निष्कर्ष हाती आल्यावर, मुले झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास आणि बाईच्या संमतीने. सरसकट पिशवी काढणे हा त्यावरचा उपाय नाही.

‘पण मुलीचे लग्न कसे जमणार?’ हा आईचा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच समुपदेशनातले बोलणे गुप्त ठेवायचे असते आणि कुणाला किती सांगायचे, हेही तिथेच ठरवता येते.

बोलण्याने काय होते, हे शेजारच्या बार्शीने दाखवले आहे. १९८७ पासून तिथल्या रुग्णालयाने बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांतून कर्करोगाची नोंद सुरू केली. नोंद घेणारे कार्यकर्ते घरोघरी माहिती सांगत गेले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासणीला येऊ लागल्या. नवे यंत्र नव्हते. माणसाने माणसाशी बोलणे होते.

जनुकीय समुपदेशनाची खास सोय मुंबईच्या टाटा रुग्णालयात आहे. पण पहिले पाऊल गावातच पडते. गाठ लागली असेल, तर मात्र वंशावळीची वाट न पाहता अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा बार्शीला दाखवावे.

पट्टा पडला की माणसे गावी परततात, लेकी माहेरी येतात. अशा वेळी आशाताईंनी एक वही घेऊन म्हाताऱ्या आत्याजवळ बसावे आणि विचारावे, ‘आपल्या घरात कोण कशाने गेले?’ लेकीला माहेरून साडीचोळी मिळते. माहेरची दुखणीही तिला ठाऊक असायला हवीत. पुढे काय करायचे, ते मग तिचे तिने ठरवावे.