प्रयोगशाळेतला हिरा खराच

१६ डिसेंबर १९५४. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीत, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी आपलं दाबयंत्र उघडलं. आत चमकणारे बारीक स्फटिक होते. वितळलेल्या धातूत विरघळलेला कार्बन प्रचंड दाबाखाली हिरा होऊन बाहेर पडला होता. पण हे कण घासकामापुरतेच. दागिन्याजोगे खडे कंपनीला १९७० मध्ये जमले आणि ते खाणीतल्या हिऱ्यांहून महाग पडले!

आता मिथेनच्या प्लाझ्मातून कार्बनचे थर चढवून काही आठवड्यांत हिरा वाढवतात. आपल्याकडच्या ‘अमेरिकन डायमंड’शी त्याची गल्लत नको, तो झिर्कोनिया, हा अस्सल कार्बन. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढला, आणि ते योग्यच झालं.

सराफाच्या भिंगातून खाणीतले आणि प्रयोगशाळेतले हिरे वेगळे सांगता येत नाहीत. फरक आहे तो नायट्रोजनचा. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत त्याचे अणू भूगर्भाच्या उष्णतेत कोट्यवधी वर्षं सरकत सरकत एकमेकांजवळ आलेले असतात. प्रयोगशाळेत त्यांना तेवढी सवड मिळत नाही. अवरक्त किरणांच्या तपासणीत ही जवळीक दिसते.