पंधरा दिवसांत सहा अमेरिकन शहरं? कर्जत-खोपोलीकरांनो, तिकीट काढायच्या आधी हे गणित बघा

दहिवली असो, नेरळ असो की खोपोली, एक सीन हल्ली बऱ्याच घरांत दिसतो. पोरगा न्यू जर्सीत नोकरीला लागलेला असतो. दोन वर्षं "या की, या की" चालतं आणि शेवटी आई-बाबा तयार होतात. मग फॅमिली ग्रुपवर बातमी पडते आणि खेळ सुरू होतो.

मामा लिहितो, न्यूयॉर्कला गेलात आणि नायगारा बघितला नाही तर काय बघितलं! शिकागोची मावशी म्हणते, आमच्याकडे न येता गेलात तर बोलणार नाही. डलासचा पुतण्या, सॅन फ्रान्सिस्कोची मैत्रीण, कोणी म्हणतं लास व्हेगास, कोणी म्हणतं हॉलिवूड. रात्री अकरापर्यंत यादीत सात-आठ ठिकाणं होतात. बाबांची रजा मात्र सतरा दिवसांची.

बहुतेकांसाठी ही आयुष्यातली पहिली आणि कदाचित शेवटची अमेरिका. साठीच्या आसपासचं वय, गुडघे कुरकुरणारे, खर्च काही लाखांत. त्यामुळे प्लॅन चुकला तर "पुढच्या वर्षी बघू" हा पर्याय नसतो. आणि प्लॅन चुकतो तो नकाशा बघताना.

आपल्या डोक्यातलं अंतर हे लोकलचं अंतर असतं. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, दोन तास. अमेरिकेच्या नकाशावर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस एकाच पानावर दिसतात, म्हणून वाटतं की जाऊन येऊ. प्रत्यक्षात विमानाच्या सरळ रेषेत ते अंतर ३,९०० किलोमीटरच्या पुढे जातं. मुंबई ते दुबई साधारण १,९०० किलोमीटर आहे. म्हणजे न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जाणं हे मुंबईहून दुबईला जाऊन परत येण्याइतकं झालं, आणि तेही एकाच देशात. न्यूयॉर्क-शिकागो म्हणजे जवळपास मुंबई-दिल्ली. 'जवळ' म्हणावं असं एकच जोडपं आहे, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया. तिथे मुंबई-पुण्याइतकं अंतर आणि रेल्वेने दीड तासाच्या आत-बाहेर.

आता सतरा दिवसांचा हिशोब मांडू.

जाण्या-येण्यात तीन दिवस गेले. मुंबईहून थेट विमान मिळालं तरी न्यूयॉर्क साधारण सोळा तासांवर आहे आणि परत येताना तारखेचा एक दिवस असाच गळतो. उरले चौदा. पहिले दोन दिवस झोपेचे. भारताचं आणि न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तासांनी वेगळं असतं, हिवाळ्यात साडेदहा. दुपारी दोनला डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. या दोन दिवसांत टाइम्स स्क्वेअरचा बेत ठेवणारे लोक तिथे बाकड्यावर पेंगताना दिसतात. उरले बारा.

आणि इथून खरी गळती सुरू होते. विमानाने शहर बदललं की एक पूर्ण दिवस जातो. फ्लाइट पाच तासांची असली तरी बॅगा भरणं, दोन-तीन तास आधी विमानतळ, सिक्युरिटीची रांग, उतरल्यावर बॅगेची वाट, मग हॉटेल, आणि हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनच्या पुढेच हातात मिळते. सहा शहरं म्हणजे मधल्या पाच उड्या, म्हणजे पाच दिवस. बाराचे झाले सात. सहा शहरांना सात दिवस!

कर्जतकरांना हे वेगळं समजवायची गरज नाही. पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढण्यासाठी कर्जतला थांबते आणि मागून बँकर इंजिन जोडून घेते. प्रत्येक चढणीची काहीतरी किंमत असते. तसं प्रत्येक उडीला विचारायचं, या शहरासाठी एक अख्खा दिवस खर्चायची आपली तयारी आहे का?

म्हणून शहरं मोजायची नाहीत, रात्री मोजायच्या. एका शहरात तीन रात्री मिळत नसतील तर विमानाने तिथे जाऊ नये, एवढं साधं मोजमाप ठेवलं तरी अर्धी यादी आपोआप कापली जाते.

मग कुठली शहरं ठेवायची? याचं एक जुनं उदाहरण खोपोलीला माहीत असलेल्या माणसाचं आहे. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी. ज्यांची ही कल्पना, ते जमशेटजी टाटा १९०२ मध्ये अमेरिकेला गेले होते. त्यांच्या डोक्यात तेव्हा पोलादाचा कारखाना होता. अलाबामातलं बर्मिंगहॅम कोळशासाठी, क्लीव्हलँड लोहखनिजाच्या व्यापारासाठी, पिट्सबर्ग पोलादासाठी. प्रत्येक शहरात जाण्यामागे एक काम होतं. आई-बाबांच्या सहलीतही प्रत्येक शहराला असं एक काम हवं. "नातवाला भेटणं" हे काम आहे. "गोल्डन गेट बघायचाच, लहानपणापासून कॅलेंडरवर बघितलाय" हेसुद्धा काम आहे. "सगळे जातात" हे नाही.

रेल्वेची आवड असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला जाणारी कॅलिफोर्निया झेफर नावाची गाडी आहे. रॉकी पर्वतातून जाते, देखणी आहे, पण जवळपास ५२ तास घेते आणि दिवसाला एकच असते. खोपोलीची लोकल चुकली की कर्जतला ताटकळावं लागतं, इथे चोवीस तास ताटकळावं लागेल. छोट्या सहलीत तिचा मोह टाळलेला बरा. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन या पट्ट्यात मात्र रेल्वेच घ्यावी, विमानतळाचा सगळा व्याप वाचतो.

नायगाराचं काय? न्यूयॉर्कहून गाडीने एका बाजूला सहा-सात तास. एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर दिवस गाडीत जातो, त्यामुळे तिथे एक मुक्काम धरायचाच. आणि धबधब्याजवळ नेणाऱ्या बोटी हिवाळ्यात बंद असतात.

यावरून महिन्याचा प्रश्न येतो, आणि तो खालापूरच्या शेतकरी घरात जरा अवघड असतो. भातलावणी जुलैअखेर आटपते, कापणी ऑक्टोबरात सुरू होते. मधली फट सोयीची, तिकडे हवाही छान, पण त्यातच गणपती येतात. घरचा गणपती सोडून अमेरिकेला जाणारी आई अजून जन्माला यायची आहे. कापणी उरकून नोव्हेंबरात जावं तर थंडी सुरू झालेली असते आणि महिन्याच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्या आठवड्यात अख्खी अमेरिका विमानतळावर असते आणि तिकिटांचे भाव आकाशाला भिडतात. राहिले एप्रिल आणि मेची सुरुवात. इकडे उन्हाने जीव नकोसा झालेला, शेतात काम नाही आणि तिकडे वसंत. पहिल्या सहलीसाठी याहून बरी वेळ सापडणं कठीण.

आता दिशा. दोन्ही किनारे बघायचे असतील तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळात तीन तासांचा फरक आहे. सकाळी नऊला न्यूयॉर्कहून निघालं की दुपारी साडेबाराच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचता येतं, अर्धा दिवस हातात राहतो. उलट दिशेने सकाळी नऊला निघालं तर न्यूयॉर्कमध्ये उतरेपर्यंत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मुंबई-न्यूयॉर्क-मुंबई असं रिटर्न तिकीट काढून टाकणं. मग सॅन फ्रान्सिस्को बघून झाल्यावर फक्त घरचं विमान पकडायला पुन्हा चार हजार किलोमीटर मागे यावं लागतं. तिकीट शोधताना 'मल्टी सिटी' नावाचा पर्याय असतो. जाताना मुंबई ते न्यूयॉर्क, येताना सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई. बऱ्याचदा भाडं रिटर्नच्या आसपासच पडतं. अडचण एकच, पोराने दिलेल्या सामानाच्या बॅगा सोबत पश्चिमेला न्याव्या लागतात आणि देशांतर्गत विमानात पहिल्याच बॅगेला ३५-४० डॉलरच्या आसपास मोजावे लागू शकतात. तरीही मागे येण्यापेक्षा ते स्वस्त.

एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायची ही युक्ती मराठी माणसाला नवी नाही. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई मूळच्या कल्याणच्या, म्हणजे कर्जतच्याच लाइनवरच्या. रमाबाई आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या अडीच वर्षांहून जास्त. शहरोशहरी व्याख्यानं दिली, बॉस्टनमध्ये १८८७ मध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि १८८८ च्या अखेरीस त्या सॅन फ्रान्सिस्कोहून जपानच्या वाटेने मायदेशी निघाल्या. फिलाडेल्फियात आत, सॅन फ्रान्सिस्कोतून बाहेर. हल्लीच्या भाषेत अस्सल मल्टी सिटी. या प्रवासावरचं त्यांचं मराठी पुस्तक १८८९ मध्ये आलं.

रमाबाईंना व्हिसा लागला नव्हता, आपल्याला लागतो. फिरायला जाणाऱ्यांचा बी१/बी२ व्हिसा, त्यासाठी डीएस-१६० फॉर्म आणि १८५ डॉलर फी, जी नकार आला तरी परत मिळत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने आणखी २५० डॉलरच्या शुल्काचा कायदा केलाय, अर्ज भरायच्या दिवशी त्याची स्थिती वकिलातीच्या अधिकृत साइटवर बघून घ्यावी. मुलाखतीची तारीख मिळायला खूप थांबावं लागू शकतं, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढायचं नाही. एजंट कितीही म्हणाला तरी नाही.

मुलाखत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे कर्जतहून पहाटेची लोकल पकडताना फोन कोणाकडे ठेवायचा हे आधीच ठरवा. मुलाखत मराठीतही देता येते, पाठ केलेलं तोडकंमोडकं इंग्रजी बोलायची गरज नाही. "कुठे जाणार?" या प्रश्नाला "मुलाकडे न्यू जर्सीला, मग चार दिवस सॅन फ्रान्सिस्को" हे उत्तर जितकं सरळ वाटतं, तितकं सतरा दिवसांत आठ शहरांचं वाटत नाही. छोट्या प्लॅनचा हाही एक फायदा.

एक बाब मात्र बहुतेक जण शेवटपर्यंत टाळतात, ती म्हणजे आरोग्य विमा. अमेरिकेत इमर्जन्सीत एक रात्र काढायची वेळ आली तर बिल आख्ख्या सहलीच्या खर्चापलीकडे जाऊ शकतं. स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार, म्हणजे बीपी आणि शुगर, अनेकदा धरलेले नसतात. ती ओळ शोधून वाचायची आणि मगच पैसे भरायचे. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

हातातल्या बॅगेत यासाठी की मोठ्या बॅगा वाटेत हातून सुटतात. शिकागोला जाणारं विमान न्यूयॉर्कमध्ये बदलायचं असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम्स न्यूयॉर्कमध्येच होतात. बॅगा तिथे उतरवून घ्यायच्या, पुन्हा जमा करायच्या, पुन्हा सिक्युरिटी. दीड तासाचं कनेक्शन घेतलेले लोक तिथे धावताना दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी किमान तीन तास हवेत, आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी. त्यात कमीपणा काही नाही, सोबत एक वाट दाखवणारा माणूस मिळतो.

आणि त्या कस्टम्सच्या टेबलावर कर्जतच्या बॅगेतून हमखास निघणारी गोष्ट म्हणजे तांदूळ. गावात भात संशोधन केंद्र, कर्जत नावाच्या भाताच्या जाती शेतात, पोराला घरचा तांदूळ न्यावासा वाटणारच. पण खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने भारतातून प्रवाशांच्या सामानात तांदूळ न्यायला अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, पुढे काही कडधान्यं आणि बियाही त्यात आल्या. ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ यांचाही तोच प्रश्न. चकली, चिवडा, लाडू सहसा जातात, फक्त फॉर्मवर किंवा तोंडी विचारल्यावर "खायचं आहे" हे सांगायचं. सांगून वस्तू काढून घेतली तर तेवढ्यावर भागतं, लपवून सापडली तर दंड होतो.

तर सतरा दिवसांची यादी शेवटी अशी दिसू शकते. सात रात्री न्यू जर्सीत मुलाकडे, त्यातलाच एखादा दिवस फिलाडेल्फियाला. दोन रात्री वॉशिंग्टन, रेल्वेने. तीन रात्रींचा नियम विमानाच्या उडीसाठी आहे, रेल्वेने जवळ जाताना दोन चालतात. मग परत येऊन एक रात्र मुलाकडे, विमान, आणि चार रात्री सॅन फ्रान्सिस्को, तिथूनच मुंबई. नायगारा हवाच असेल तर वॉशिंग्टन काढायचं. डलास आणि लास व्हेगास यादीतून गेले. शिकागोच्या मावशीला मात्र आधी फोन करायचा आणि तिलाच शनिवार-रविवार न्यू जर्सीला बोलवायचं. तिची एक फ्लाइट तुमच्या दोन फ्लाइटपेक्षा स्वस्त पडते, आणि लाडूचा डबा तिच्या नावाने वेगळा काढून ठेवलाय हे कळलं की ती येतेच.