लालमनला पाचशे एक रुपये का मिळाले नाहीत

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांवर एमपीएससीवाल्यांचं राज्य आहे. लॉ सीईटीची पोरं तिथे एखादं कोपऱ्यातलं टेबल धरून असतात, आणि त्यांच्यापुढेही बहुतेक वेळा चालू घडामोडींचं मासिकच उघडलेलं असतं. रविवारी सकाळी मी अशाच एका टेबलावर बसते. आठवडाभर कोर्टात जे करते त्याची पूर्वतयारी कशी होते, हे बघायची मला हौस आहे. फी घेत नाही, चहा पोरं पाजतात. सगळी पदवीच्या शेवटच्या वर्षाची: टीवायबीए, टीवायबीकॉम आणि यंत्रांना कंटाळलेला एक इंजिनिअर.

तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याचा सीईटी कक्ष ही परीक्षा घेतो. पूर्वी १५० प्रश्न असायचे, आता १२० आहेत आणि वेळ दोन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजीला ४०, सामान्य ज्ञानाला ३२, कायद्याला २४, तर्काला २४. पोरांचा दिवस मात्र त्या बत्तिसातच संपतो. कोणत्या देशाचा पंतप्रधान बदलला, कुणाला कोणता पुरस्कार मिळाला, हे पाठ केलं की अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं. माझ्या मते ही निव्वळ पळवाट आहे. खरी गोची त्या चोवीस गुणांत आहे. त्यातले काही प्रश्न सरळ माहितीचे असतात, पण बाकीच्यांत एक तत्त्व देतात, एक प्रसंग सांगतात आणि निकाल विचारतात.

त्यांना मी आधी लालमन शुक्लाची गोष्ट सांगते. अलाहाबाद उच्च न्यायालयातलं १९१३ सालचं प्रकरण. गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला. लालमन त्यांचा मुनीम. त्याला मुलाच्या शोधासाठी हरिद्वारला पाठवलं. तो गेल्यावर मालकांनी पत्रकं काढली: मुलगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये. लालमनने मुलगा शोधला, पण पत्रकाची त्याला खबरच नव्हती. पुढे त्याने बक्षिसासाठी दावा लावला. मिळावं की नाही?

टेबलावर एकमत होतं: मिळालंच पाहिजे. बार्शीचा मुलगा तर चिडतोच. "ताई, मुलगा त्याने शोधला ना? मग पैसे कुणाला देणार, पत्रकाला?" युक्तिवाद म्हणून झकास आहे. पण प्रश्नात वर तत्त्व दिलंय: प्रस्ताव माहीत असल्याशिवाय त्याचा स्वीकार होत नाही आणि स्वीकाराशिवाय करार नाही. लालमनला प्रस्ताव माहीत नव्हता. न्यायालयाने दावा फेटाळला. शिवाय मुलाला शोधणं हे नोकर म्हणून त्याचं कामच होतं, असंही म्हटलं. पोरांना हे पटत नाही. पटू नये, असंच मला वाटतं. पण उत्तराच्या गोलावर क्लिक करताना आपलं पटणं बाजूला ठेवता यायला हवं.

पुढच्या रविवारी मी प्रसंग जरा फिरवते. तत्त्व तेच, पण आता लालमनने हरिद्वारच्या स्टेशनात पत्रक वाचलंय आणि मग मुलगा शोधलाय. निम्मं टेबल पुन्हा "नाही मिळणार" म्हणतं, कारण आता त्यांना निकाल पाठ झालेला असतो! प्रसंग कुणी वाचलेलाच नसतो. गेल्या खेपेला पोरं भावनेच्या भरात चुकली, या खेपेला घोकंपट्टीने चुकवलं. म्हणून पहिली दोन मिनिटं मी उत्तर ऐकूनच घेत नाही. पेन्सिल घ्यायची आणि तत्त्वातल्या प्रत्येक "आणि", "किंवा", "केवळ", "माहीत असताना"ला गोल करायचा. परीक्षा संगणकावर आहे, तिथे गोल कुठून करणार, असं इंजिनिअर विचारतो. हाताला सवय लागली की डोळा आपोआप थांबतो, एवढंच मी सांगते.

इंग्रजीच्या चाळिसांनी मराठी माध्यमवाल्यांची झोप उडते. पेपर मराठीतही येतो, पण हा भाग कोण भाषांतरित करणार? शब्दांच्या याद्या पाठ करण्यावर माझा विश्वास नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायचा आणि त्याचं म्हणणं मराठीत चार ओळींत लिहायचं. पहिल्या महिन्यात चाराच्या चौदा ओळी होतात.

पुस्तकांबाबत मात्र सावध केलेलं बरं. अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाइडांत अजून भारतीय दंड संहिताच नांदते आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३ मध्ये गेली, फसवणूक ४२० मधून ३१८ मध्ये. बोलण्यातला चारसोबीस काही जाणार नाही, पण पेपरात तो लिहून चालणार नाही.

"राज्यशास्त्र घ्यायला हवं होतं का?" हा टीवायबीकॉमवाल्यांचा ठरलेला प्रश्न. नाही. कोणतीही पदवी चालते. लेखाशास्त्र शिकलेला माणूस पुढे धनादेशाच्या खटल्यात ताळेबंद वाचतो तेव्हा राज्यशास्त्रवाले त्याच्याकडे बघत बसतात.

त्यापेक्षा मी त्यांना शिवाजीनगरच्या कोर्टात धाडते. कामकाज खुल्या न्यायालयात चालतं. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसायला कुणाची हरकत नसते. सिनेमातले संवाद ऐकायला गेलेली पोरं हिरमुसून येतात: पुकारा, साक्षीदार गैरहजर, मुदतीचा अर्ज, पुढची तारीख. पण एकदा एका मुलीला उलटतपास ऐकायला मिळाला. साक्षीदार ठासून म्हणाला, "सगळ्या गावाला ठाऊक आहे." वकील म्हणाले, "गावाचं राहू द्या. तुम्ही स्वतः पाहिलंत का?" साक्षीदार गप्प. ती परत आली ती थेट लालमनच्या प्रश्नाकडे वळली आणि "माहीत असताना"खाली तिने दोन रेघा मारल्या.

राहता राहिले कागद. पदवीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० ही किमान अट. शेवटच्या वर्षाला असतानाही सीईटी देता येते. प्रवेशाच्या वेळी मात्र गुणपत्रिका हातात लागते. अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता यांची धावपळ निकालानंतर सुरू करणारे दरवर्षी निघतातच, आणि चांगले पर्सेंटाइल असूनही पहिल्या फेरीत अडकतात. पडताळणी समितीला तुमच्या फेरीची घाई नसते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच काम सांगते: फराळाआधी सेतू केंद्र. बार्शीवाला यंदा आल्या आल्या पावती दाखवत होता. तिच्यावरच्या "केवळ"लाही त्याने पेन्सिलीने गोल केला होता.